खुर्चीत बसून नाही, उठून पाहा

ताई, नमस्कार.

येत्या मार्चमध्ये माझ्या नवऱ्याला 50 पूर्ण होतील. त्याला वाचनाचं वेड आहे, पण घरात वाचायला धड जागा नाही. सोफ्यावर आडवा पडतो आणि मान अवघडून घेतो. म्हणून त्याला न सांगता एक छानशी लाउंज चेअर घ्यायचं ठरवलंय. 50 हजारांपर्यंत खर्च करू शकते. दोन खुर्च्यांवर मन अडकलंय. एक ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात पाहिलेली, लांब हातांची, वेताची आरामखुर्ची. दुकानदार 28 हजार म्हणतो, 'ब्रिटिशांच्या वेळची, बर्मा टीक' असं सांगतो. दुसरी ऑनलाइन पाहिली. काळं लेदर, वाकवलेलं लाकूड, सोबत पाय ठेवायचं स्टूल. 'ईम्स स्टाइल' लिहिलंय, 42 हजार. आमचा ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉल 10 बाय 16. घरात आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी आणि सासूबाई (वय 76, गुडघे दुखतात). सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात चार खुर्च्या येतील." जुनी घेऊ की नवी?

— मृ., ठाणे

मृ., नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नवऱ्याची मान, दुकानदाराचा भाव, हॉलचं माप, सगळं तुम्ही नीट लिहिलंय. पण त्या खुर्चीत सगळ्यात जास्त वेळ कोण बसणार आहे, ते लिहिलेलं नाही. मी सांगते. तुम्ही दोघं सकाळी घराबाहेर पडलात आणि मुलगी कॉलेजला गेली, की दुपारभर हॉलमध्ये एकच माणूस असतं. त्या बाईंना आज 'चार खुर्च्या येतील' असं वाटतंय खरं, पण नवी खुर्ची घरात आल्यावर आठव्या दिवशी त्या तिच्यात बसून शेंगा सोलत असतील, आणि त्यांनी का बसू नये? तेव्हा आपण खुर्ची एकाला भेट देतोय आणि दोघांसाठी घेतोय, हे आधी मान्य करू. जुनी की नवी, ते मग.

त्या 'ईम्स स्टाइल'चीच गोष्ट आधी सांगते, कारण तिच्यात आपल्याकडचा एक धागा आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं. त्यांची ही खुर्ची 1956 साली हर्मन मिलर कंपनीने बाजारात आणली. पुढे भारत सरकारने या दोघांना बोलावलं आणि 1958 मध्ये त्यांनी आपल्या देशातल्या डिझाइन-शिक्षणाबद्दल एक अहवाल लिहून दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये उभी राहिली ती त्याच विचारातून. त्या अहवालात त्यांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंतली सगळ्यात सुंदर म्हणून कुठला राजवाडा किंवा शालू नाही, तर साधा लोटा निवडला होता. आणि लोट्याबद्दल विचारलेले प्रश्न कसे, तर त्यात पाणी किती मावावं, उचलणारे हात केवढे, तो डोक्यावर जाणार की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का. दिसतो कसा, हे त्यातून आपोआप येतं.

मला गंमत वाटते ती याची, की ज्यांनी लोट्याला एवढे प्रश्न विचारले त्यांच्याच खुर्चीची नक्कल लोक मोबाइलवर फोटो पाहून, एकही प्रश्न न विचारता घेतात.

तर आपण विचारू. अस्सल ईम्स खुर्ची साधारण 33 इंच रुंद आणि तेवढीच खोल. तिची बैठक जमिनीपासून जेमतेम 15 इंचांवर आणि मागे कललेली. हा कल कायमचा, ती रिक्लायनरसारखी मागेपुढे होत नाही. पुढे 21-22 इंचांचं स्टूल. म्हणजे माणूस पाय पसरून बसला की साधारण पाच फूट जागा गेली. तुमचा हॉल 10 फूट रुंद. एका भिंतीला सोफा, तीन फूट. समोर टीव्हीचं युनिट, दीड फूट. उरले साडेपाच. मुलगी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येणार कुठून?

शिवाय तुम्ही घेताय ती अस्सल नाही. अस्सल नवी खुर्ची आपल्याकडे काही लाखांत जाते, म्हणजे 42 हजारांत काय येतं याचा अंदाज करा. नक्कल म्हणून ती वाईटच असेल असं मी म्हणत नाही. चांगल्या नकला मी पाहिल्यात. पण दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, 'लेदर' म्हणजे नेमकं काय? लेदरेट किंवा पीयू, म्हणजे नकली चामडं, असेल तर ठाण्याच्या दमट हवेत त्याचं आयुष्य फार नाही. मी स्वतः एकदा तसली खुर्ची घेतली होती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तिची सालं निघायला लागली, आणि काळी पापुद्री सगळ्यांच्या पाठीला चिकटू लागली. त्यावर उपाय नसतो, नवं कव्हरच शिवावं लागतं. दुसरी, पाठीचे तुकडे बैठकीला कशाने जोडलेत? अस्सल खुर्चीत लाकडी कवचाला आतून रबराच्या चकत्या चिकटवलेल्या असतात, म्हणून पाठ किंचित लवते. फार जुन्या अस्सल खुर्च्यांतसुद्धा हे रबर वाळून चिकटवण सुटते आणि पाठ मागे गळून पडते. मूळ जागीच हे दुखणं असेल तर स्वस्तातल्या नकलेत काय लावलंय ते विचारायलाच हवं. विक्रेता उत्तर देऊ शकला नाही तर तेच उत्तर समजा. (अस्सल ओळखायची एक साधी खूण म्हणजे खुर्चीच्या पायाला पाच फाटे असतात, स्टुलाच्या पायाला चार. फोटोत मोजून पाहा.)

पण माझी खरी तक्रार 15 इंचांबद्दल आहे. सासूबाई तिच्यात बसतील. उठवायला कुणीतरी लागेल.

आता ओशिवऱ्याची. लांब हातांच्या या खुर्चीला इंग्रज मळेवाल्यांचं नाव चिकटलंय. चहा-कॉफीच्या मळ्यावरून घोड्यावरून परतलेला साहेब व्हरांड्यात तिच्यात पडायचा आणि बूट काढून घ्यायला दोन्ही पाय त्या लांब हातांवर टाकायचा. डाकबंगल्यांच्या व्हरांड्यांत अशा खुर्च्या सर्रास असत. वेताच्या जाळीतून पाठीला वारा लागतो, डोकं पूर्ण टेकतं, आणि दुपारच्या झोपेसाठी याहून बरी वस्तू मी तरी पाहिलेली नाही. वाचायलाही बरी, कारण रुंद हातांवर कोपरं टेकून पुस्तक धरता येतं. मात्र ती व्हरांड्याची खुर्ची आहे. हातांखालच्या पट्ट्या बाहेर फिरवल्या की साडेचार-पाच फूट अडवते. आणि पाय फाकून दोन हातांवर टाकायची ती बैठक नऊवारीत जमत नाही, पाचवारीत शोभत नाही आणि गाउनमध्ये सासूबाई करणार नाहीत. तुमच्याकडे मोठी गच्ची किंवा गावी पडवी असती तर मी डोळे मिटून 'घ्या' म्हटलं असतं.

आणि 'ब्रिटिशांच्या वेळची बर्मा टीक' याबद्दल. बाजारातलं प्रत्येक जुनं सागवान बर्माचं असतं, तसा प्रत्येक हापूस देवगडचा असतो. आपल्याकडे बल्लारशा आणि आलापल्लीच्या जंगलातलं सागवान काही कमी नाही. तासून पॉलिश केलेल्या खुर्चीवरून ते कुठल्या जंगलातलं, हे दुकानदारालाही कळत नाही आणि मलाही नाही. सागवान आहे की नाही एवढं मात्र बघता येतं. त्यासाठी खुर्ची उलटी करा. नक्की करा, लाजू नका, चांगला दुकानदार स्वतःच करून दाखवतो. वरून पॉलिश असतं, खाली लाकूड खरं बोलतं. सागवानाचा आतला गाभा तपकिरी-सोनेरी असतो, कोऱ्या जागी तेलकट लागतो. खालून लाकूड पांढरट आणि वरून गडद दिसत असेल तर रंग चढवलाय.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फसून सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या बाजारातून मी 'शिसवी' डुलती खुर्ची आणली. उलटी करून पाहिली नाही, कारण तिच्यावर लट्टू झाले होते. महिन्याभरात खुर्चीखाली रोज सकाळी पिवळट भुकटीचे छोटे ढीग दिसायला लागले. भिरूड. शिसवीचा फक्त रंग होता, आत कुठलंतरी मऊ पांढरं लाकूड होतं आणि कीड आयती घरात आणली होती. आमच्या मिस्त्रींनी ती बघितली आणि एवढंच विचारलं, "टेबलाला टेकवून ठेवली नव्हती ना?"

तेव्हापासून मी छिद्रांपेक्षा भुकटी बघते. टाचणीच्या डोक्याएवढी जुनी, काळवंडलेली छिद्रं असली आणि कीड मेलेली असली तर हरकत नाही. खुर्ची पांढऱ्या कागदावर ठेवून चौकटीला मुठीने ठोका. ताजी, फिकट भुकटी पडली तर निघून या, भाव अर्धा केला तरी.

सांधे कसे तपासायचे? मागे उभं राहून पाठीचा वरचा भाग धरा आणि खुर्ची तिरकी हलवा. चौकट एकसंध हलली तर ठीक, कुरकुरत तिरपी झाली तर सांधे सुटलेत. जुन्या खुर्च्यांत एका लाकडाचं कोरलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवून सरस लावलेला असतो. तो सरस सुकून सुटला तर घाबरायचं कारण नाही, कारण चांगला सुतार सांधा उकलून, साफ करून पुन्हा बसवतो. घाबरायचं ते सांध्यावर बाहेरून ठोकलेल्या खिळ्यांना आणि लोखंडी पट्ट्यांना. ते दिसले की कुणीतरी दुखणं झाकलंय असं समजा. स्क्रूवरून वय सांगणारे बरेच भेटतील. चपट्या खाचेचा स्क्रू म्हणजे जुनी, असं काही नाही. आपल्याकडे ते अगदी अलीकडेपर्यंत वापरात होते, आणि आजही मिळतात. अधिक चिन्हाचे स्क्रू जागोजागी दिसले तर मात्र 'ब्रिटिशांच्या वेळची' या शब्दांवर दुकानदाराकडे बघून नुसतं हसा. भाव उतरतो.

वेत दोन प्रकारचा असतो. चौकटीच्या कडेला ओळीने भोकं पाडून त्यातून हाताने विणलेला, आणि खाचेत पट्टी ठोकून बसवलेली तयार जाळी. पहिला अधिक टिकतो आणि अर्थात महाग पडतो. एकेकाळी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचे वेत विणायला अंध कारागीर असत आणि बोटांनी भोकं चाचपत ते इतकी सरळ वीण काढत, की डोळसाने बघत राहावं. आता विणणारे शोधावे लागतात, म्हणून भाव करताना फाटक्या वेताचा खर्च आधी विचारून वजा करा. काही ठिकाणी वेताऐवजी प्लॅस्टिकची पट्टी विणलेली असते, ती नखाला गुळगुळीत लागते आणि सगळीकडे एकाच रंगाची दिसते. खरा वेत सैल पडला असेल तर लगेच बदलू नका. खालच्या बाजूने कोमट पाण्याचं ओलं फडकं फिरवा आणि सावलीत वाळू द्या. वेत ओला होऊन फुगतो, वाळताना आवळला जातो. बऱ्याच खुर्च्या एवढ्याने ताठ होतात. आणि एसीच्या झोताखाली ठेवलीत तर अधूनमधून हेच करत राहा, नाहीतर वाळून तडकतो.

इतकं सांगून मी तुम्हाला ती खुर्ची घेऊ नका म्हणतेय. पण त्याच बाजारात जा, आणि दुसरी शोधा.

साधारण 1950-60च्या दशकांत मुंबईच्या फ्लॅटांसाठी सागवानी खुर्च्यांची एक जात तयार झाली. आरामखुर्चीपेक्षा उभी, जेवणाच्या खुर्चीपेक्षा आडवी. निमुळते पाय, सपाट हात, पाठीला वेत किंवा उभ्या पट्ट्या, बैठकीवर सुटी गादी. पाडलेल्या इमारतींतून आणि पारशी घरांतून या अजूनही बाजारात येतात. त्यांना फार कुणी विचारत नाही, कारण त्यांना ब्रिटिश म्हणता येत नाही आणि कुणा साहेबाचं नावही लावता येत नाही. निदान आतापर्यंत येत नव्हतं. आता इंग्रजी V सारखे पाय दिसले की लगेच 'चंडीगड चेअर' म्हणून किंमत तिप्पट सांगतात. त्यामागची गोष्ट खरी आहे. चंडीगड शहराची आखणी करणारा वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताचं फर्निचर केलं. ते पुढे गच्च्यांवर भंगारात पडलं, आणि परदेशातल्या लिलावांत लाखोंनी विकलं जायला लागल्यावर सगळ्यांना जाग आली. केंद्र सरकारला 2011 मध्ये ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून आदेश काढावा लागला. ओशिवऱ्यात तुम्हाला मिळेल ती त्याची नक्कल असेल. नक्कल घ्यायला हरकत नाही, नावाचे पैसे देऊ नका.

दुकानात माप घ्यायची टेप आणि तुमच्या सासूबाई, दोन्ही घेऊन जा. बैठक जमिनीपासून 16 ते 17 इंच, गादी दबल्यावर. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. नाही उरली तर बैठक जास्त खोल आहे आणि माणूस घसरत घसरत पोक काढून बसतो. हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, कारण उठताना आपण तिथेच तळवा रेटतो. आणि पुढच्या दोन पायांमध्ये खाली आडवी पट्टी नको. ही गोष्ट कुणी सांगत नाही. खुर्चीतून उठायचं तर पावलं आधी मागे, बैठकीखाली घ्यावी लागतात. तिथे पट्टी आली की गुडघ्यांवर सगळा भार येतो. सासूबाईंना बसवा आणि मग गप्प उभ्या राहा. पटकन हात पुढे करू नका. त्या एका दमात उठल्या तर खुर्ची पास. 'अगं बाई' म्हणत दुसऱ्यांदा झोका घेतला, तर नापास, मग ती दिसायला कितीही देखणी असो.

नवऱ्याचं काय? तुम्ही त्याची उंची लिहिलेली नाही, आणि मानेचं सगळं गणित तिथेच आहे. पाच फूट दहाच्या माणसाला या खुर्च्यांची पाठ खांद्यापर्यंतच पुरते, मग उशी बांधून मानेला टेकू द्यावा लागतो, किंवा उंच पाठीची शोधावी लागते. म्हणून एक कडू सल्ला: सरप्राइज सोडा. न मोजता दुसऱ्याच्या चपला आपण आणत नाही. त्याला एका रविवारी सकाळी बाजारात न्या, तो वाचत असलेलं पुस्तकच हातात द्या, आणि वीस मिनिटं बसून वाचू द्या. दोन मिनिटांत प्रत्येक खुर्ची चांगली वाटते. दहाव्या मिनिटाला तो हलायला लागला, पाय बदलायला लागला, तर उत्तर मिळालं. दुकानदार कुरबुर करेल, त्याला चहा मागवायला सांगा.

घासाघीस करून खुर्ची पंचवीसच्या आत आणा. उरलेल्यात सांधे, वेत, पॉलिश आणि गादी बसवा. पॉलिश लाखेचं करा, चकचकीत मेलामाइन नको. लाखेवर ओरखडा आला तर तेवढाच भाग पुन्हा घासता येतो. गादीला बैठकीसाठी 40 डेन्सिटीचा फोम, पाठीला 32चा चालेल, आणि कव्हर सुती, चेन लावलेलं, धुता येईल असं. काळं नको, तुमच्याकडे दुपारी पश्चिमेचं ऊन येत असेल तर तापतं. आणि डाव्या खांद्यामागे एक उभा दिवा. नवऱ्याच्या मानेला खुर्चीइतकंच अंधारात वाचणं कारण असावं, असा माझा संशय आहे.

नवीच हवी असेल तर 42 हजारांची नक्कल सोडा आणि तुर्भ्याला आयकियात जाऊन पोएंग नावाची खुर्ची बघा. नोबोरू नाकामुरा या जपानी डिझायनरने 1976 साली केलेली, पातळ लाकडाचे थर चिकटवून वाकवलेली. तिची बैठक बरोबर साडेसोळा इंचांवर आहे, पाठ उंच, आणि किंमत तुमच्या बजेटच्या बरीच आत. लवते थोडी. तरुणांना ते आवडतं, सासूबाईंना उठताना पाया हलल्यासारखा वाटेल, म्हणून त्यांना नेल्याशिवाय घेऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या टिकायची ती नव्हे. पण पंधरा वर्षांनी तुमचीच मुलगी ती मागून घेईल, एवढी तयारी तिची आहे. रिक्लायनरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याला लोक उगाच नाकं मुरडतात. गुडघ्यांचं दुखणं वाढलं तर बटण दाबल्यावर माणसाला अलगद उभं करणारे रिक्लायनर मिळतात, आणि तेव्हा मी दिसण्याचा विचार अजिबात करणार नाही.

जुनी आणलीत तर पहिला महिनाभर ती सोफ्याला, कपाटाला चिकटवून ठेवू नका, आणि खाली पांढरा कागद असू द्या. माझ्या मिस्त्रींचा प्रश्न लक्षात आहे ना? आणि टेम्पोवाल्याला आधीच बजावून सांगा की जिन्यातून नेताना खुर्ची हातांना धरून उचलायची नाही, बैठकीच्या चौकटीला धरायची. जुन्या खुर्चीचा हात तिथेच निखळतो.